ऐकावे जनाचे, करावे मनाचे. पण हे मन कोणाचे?

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण मराठी घरात कोणीही कोणालाही सहज ऐकवते. नोकरी सोडावी की नाही, लग्न कोणाशी करावे, मुलीला लांबच्या गावी शिकायला पाठवावे का, अशा प्रत्येक पेचात ती आठवते आणि तिने जरा धीरही येतो. मात्र या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जन बाहेर असतात, मन आत असते आणि दोघांमधली भिंत पक्की असते, असे ती मानून चालते. माझा अनुभव तसा नाही. ज्याला आपण मन म्हणतो त्यात आईची धास्ती, शेजारणीचे टोमणे, शाळेतल्या बाईंनी दिलेली शाबासकी, जातीची रीत आणि मोबाइलवर दिवसभर दिसणारी इतरांची आयुष्ये हे सगळे मुरलेले असते. मग ‘मनाचे’ केले म्हणजे नेमके कोणाचे केले? स्वतःच्या मूल्यांनुसार जगणे या विषयातली बहुतेक गुंतागुंत या एका प्रश्नात आहे, आणि ती शक्य तितकी सोपी करून मांडावी अशी माझी इच्छा आहे.

या गुणासाठी मराठीत एकच नेमका शब्द रूढ नाही. ‘प्रामाणिकपणा’ म्हटले की हिशेबात लबाडी न करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘अस्सल’ हा शब्द आपण तुपाला, केशराला, पैठणीला लावतो. त्यातल्या त्यात ‘स्वतःशी प्रामाणिक असणे’ हा प्रयोग बोलण्यात चांगला रुळला आहे, म्हणून मी तोच वापरते. आपल्याला कोणती गोष्ट मोलाची वाटते हे ठाऊक असणे, ती का मोलाची वाटते हे तपासून पाहिलेले असणे आणि वागणे तिला धरून असणे, एवढे सगळे त्यात येते. यांतला मधला भाग बहुतेक वेळा राहून जातो आणि खरी अडचण तिथेच असते.

दोन गोष्टींशी याची फार गल्लत होते. एक म्हणजे फटकळपणा. ‘मी जे वाटते ते तोंडावर बोलतो’ असे सांगणारी माणसे प्रत्येक गोतावळ्यात असतात, आणि आपण स्वतःशी प्रामाणिक आहोत असे त्यांना मनापासून वाटते. पण तोंडावर बोलणे ही बोलण्याची एक सवय आहे, तिच्यामागे एखादे मूल्य असेलच असे नाही. दुसऱ्याला विनाकारण दुखवू नये हे ज्याला मोलाचे वाटते तो माणूस आजाऱ्याच्या उशाशी बसून काही गोष्टी मनात ठेवतो, तेव्हा तो स्वतःशी अधिक प्रामाणिक असतो. दुसरी गल्लत लहरीशी होते. लहर आणि मूल्य यांतला फरक ओळखायची एक ढोबळ खूण अशी की लहर पुरी झाली नाही तर माणूस हिरमुसतो, आणि मूल्य मोडले तर त्याला स्वतःची लाज वाटते, कोणी पाहिले नसले तरी वाटते. ‘जनाची नाही तर मनाची तरी’ या बोलण्यातली मनाची लाज ती हीच. मात्र ही खूणही डोळे मिटून वापरता येत नाही, कारण मनाची म्हणून जी लाज वाटते ती कित्येकदा मुळात जनाचीच असते. हे मला पुस्तकातून कळण्याआधी आमच्या घरच्या हळदीकुंकवात कळले.

माझी थोरली काकू मी कॉलेजात असताना विधवा झाली. संक्रांतीनंतर, रथसप्तमीच्या आत, आमच्या घरी मोठे हळदीकुंकू होत असे. तिळाच्या वड्या थापणे, वाणाच्या वस्तू मोजून परातीत लावणे, अत्तरदाणी आणि गुलाबदाणी घासून लखलखीत करणे ही सगळी कामे काकू सकाळपासून करायची, आणि संध्याकाळी पहिली बाई जिना चढताना दिसली की स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशेजारच्या स्टुलावर बसायची. दार अर्धवट लोटलेले असे. त्या फटीतून तिला बायकांच्या साड्यांचे काठ दिसत आणि हसणे ऐकू येई. मी सव्वीस वर्षांची असताना ठरवले की हे मला मान्य नाही. भर कार्यक्रमात मी कुंकवाचा करंडा घेऊन आत गेले, तिच्या कपाळाला कुंकू लावले आणि हाताला धरून तिला बैठकीत आणून बसवले. खोली गप्प झाली. एका आजींनी हातातले वाण खाली ठेवले आणि त्या उठून गेल्या. काकू दोनेक मिनिटे मान खाली घालून बसली, मग ‘दूध उतू जाईल’ म्हणत आत गेली. गॅसवर दूध नव्हते. रात्री भांडी आवरताना ती एवढेच म्हणाली, ‘‘तुला पटलं ते तू केलंस गं. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.’’

त्या संध्याकाळी माझे काय बरोबर होते आणि काय चुकले हे कळायला मला पुढे बराच काळ लागला. आधी त्या गप्प झालेल्या खोलीविषयी सांगायला हवे.

चारचौघांत वेगळे पडणे इतके जड का जाते, याचा एक अगदी साधा आणि म्हणूनच प्रसिद्ध झालेला प्रयोग सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात अमेरिकेत केला. एका खोलीत सात ते नऊ तरुण ओळीने बसवले जात. त्यांना एका कार्डावर एक रेघ आणि दुसऱ्या कार्डावर लहानमोठ्या तीन रेघा दाखवल्या जात, आणि पहिल्या रेघेएवढी लांब कोणती हे प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे असे. उत्तर इतके उघड असे की एकट्याने पाहणारा माणूस जवळजवळ कधीच चुकत नसे. पण त्या खोलीत खरा परीक्षार्थी एकच होता. बाकीचे सगळे प्रयोगात सामील होते, आणि अठरा फेऱ्यांपैकी बारा फेऱ्यांत ते ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. त्या बारा फेऱ्यांत खऱ्या परीक्षार्थींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटाच्या चुकीशी जुळली, आणि चारांपैकी साधारण तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. मागाहून विचारल्यावर काहींनी सांगितले की चूक दिसत होती, पण वेगळे पडायचे नव्हते. काहींना मात्र खरोखरच आपल्या डोळ्यांविषयी शंका येऊ लागली होती.

मला यांतली दुसरी माणसे फार महत्त्वाची वाटतात. पहिल्यांना आपले मत काय आहे ते ठाऊक होते, त्यांनी ते गिळले एवढेच. दुसऱ्यांच्या बाबतीत जन थेट मनात शिरले होते, आणि तेही अवघ्या काही मिनिटांत, अनोळखी माणसांमध्ये, कागदावरच्या एका रेघेसाठी. जिथे माणसे रक्ताची आहेत, सहवास चाळीस वर्षांचा आहे आणि प्रश्न रेघेचा नसून अब्रूचा आहे, तिथे काय होत असेल याची कल्पना करता येते. याच प्रयोगात एक दिलासा देणारी गोष्टही दिसली. गटातल्या एखाद्याने जरी बरोबर उत्तर दिले, तरी मान तुकवण्याचे प्रमाण जवळपास पाव हिश्श्यावर आले. एक सोबती पुरत होता.

‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही। मानियेले नाही बहुमता॥’ असे तुकोबा म्हणतात. या ओळी आपण बहुमताला न जुमानणाऱ्या बाणेदारपणासाठी उद्धृत करतो, पण मला त्यातला ‘ग्वाही’ हा शब्द अधिक मोलाचा वाटतो. ग्वाही म्हणजे साक्ष. तुकोबांनी मनाला साक्षीला बोलावले आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी होते, त्याला विचारावे लागते की हे तू स्वतः पाहिलेस की कोणाकडून ऐकलेस. ‘मन केले’ असे ते म्हणतात, म्हणजे मनाला ग्वाही करावे लागते, ते आपोआप होत नाही. माझे मन सांगते म्हणून खरे, असा अर्थ त्या ओळींतून काढणे मला तरी जमत नाही.

ही उलटतपासणी कशी करायची? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतात यासाठी एक चांगले साधन सापडते. माणूस एखादी गोष्ट कोणत्या कारणाने करतो याचे त्यांनी थर पाडले आहेत, आणि ते आपल्या एकादशीच्या उपवासावरून सहज समजतात. एखादी सून उपवास करते, कारण केला नाही तर सासूबाई बोलतील. हे कारण सरळ बाहेरचे आहे आणि तिला ते ठाऊकही आहे. सासूबाई गावी गेल्या की ती पोहे करून खाते. दुसऱ्या एखाद्या घरात कोणी काही बोलणारे नसते, तरी उपवास मोडला तर त्या बाईला दिवसभर चुटपुट लागते, आपण वाईट आहोत असे वाटत राहते. बोलणारी सासू आता बाहेर नाही, ती आत येऊन बसली आहे. तिसरी उपवास करते, कारण त्यामागचा विचार तिने समजून घेतला आहे आणि तिला तो पटला आहे. आणि एखादीच्या बाबतीत तो तिच्या वारीशी, तिच्या मिताहाराशी, दारी आलेल्याला रिकाम्या हाताने न पाठवण्याच्या तिच्या रीतीशी असा एकजीव झालेला असतो, की उपवास वेगळा काढून दाखवताच येत नाही. चौघींच्या ताटात साबुदाण्याची खिचडी तीच असते. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काही कळत नाही.

फसवा असतो तो दुसरा थर. तिथे आज्ञा देणारा कोणी दिसत नाही, म्हणून माणसाला वाटते की हे माझेच आहे. आणि हे केवळ परंपरा पाळणाऱ्यांना लागू आहे असे समजू नये. उपवास मोडणारीही दुसऱ्या थरावर असू शकते. तिच्या मैत्रिणींच्या वर्तुळात उपवास करणे मागासलेपणाचे समजले जात असेल, आणि केला तर आपण पुरेशा पुढारलेल्या नाही अशी चुटपुट तिला लागत असेल, तर तिच्या बंडातही जनच बोलत असतात. आपले मूल्य घरच्या रीतीच्या उलट आहे, एवढ्यावरून ते आपले ठरत नाही. मी स्वतः करंडा घेऊन स्वयंपाकघरात गेले तेव्हा मला हे कळत नव्हते.

स्वतःला विचारण्याजोगे काही प्रश्न मला उपयोगी पडले आहेत. हे कोणालाच कधीच कळणार नसते, ना कौतुक ना निंदा, तरी मी असेच वागले असते का? यामागचे कारण ‘असतंच तसं’ किंवा ‘आजकाल असंच करतात’ असे न म्हणता मला माझ्या शब्दांत सांगता येते का? आणि यासाठी मी आजवर काय सोडले आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत कडक आहे, कारण मूल्ये सांगायला काही पडत नाही. ती खरी आहेत की नाहीत हे दिवसाच्या वेळापत्रकातून, पासबुकातल्या नोंदींतून आणि दिलेल्या नकारांतून दिसते. ‘मला कुटुंब सगळ्यांत महत्त्वाचे’ म्हणणाऱ्या माणसाने गेल्या महिन्यात किती संध्याकाळी घरी काढल्या हे मोजले, तर त्याचे उत्तर त्यालाच मिळते.

काय सोडले या प्रश्नाशी आले की मला गोपाळ गणेश आगरकर आठवतात. त्यांचा जन्म १८५६ साली कराडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची गरिबी एवढी की शिक्षणासाठी गावोगाव फिरावे लागले. त्या काळी एम. ए. झालेल्या माणसाला मोठ्या पगाराची सरकारी चाकरी मिळणे अवघड नव्हते. पण परीक्षा होत असतानाच त्यांनी आईला पत्र लिहून सांगून टाकले की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सगळा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. आईने मनात काय काय बांधले असेल हे त्यांना नीट ठाऊक होते. तिला वर्षानुवर्षे आशेवर ठेवून मग निराश करण्यापेक्षा त्यांनी आधीच स्पष्ट केले, यात मला त्यांच्या स्वभावाचे सार दिसते.

पुढचे सर्वांना माहीत आहे. न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली सुरू झालेल्या केसरीचे संपादकपद, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या संस्थानाच्या कारभाऱ्यावरील टीकेवरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात, टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात काढलेले १०१ दिवस. पण त्या एकाच तुरुंगात राहिलेल्या दोन मित्रांमध्ये सामाजिक सुधारणेवरून मतभेद वाढत गेले, केसरीतल्या बहुतेक सहकाऱ्यांना आगरकरांची मते पसंत नव्हती, आणि १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले. हातातले खपाचे पत्र सोडून १८८८ मध्ये त्यांनी सुधारक काढला. पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. दम्याने पोखरलेले शरीर घेऊन ते लिहीत आणि शिकवत राहिले आणि १८९५ मध्ये, वयाची चाळिशीही न गाठता, गेले.

‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’ हा त्यांचा बाणा सुप्रसिद्ध आहे, पण त्यातली दोन क्रियापदे आपण घाईत वाचतो. इष्ट ते सगळे ‘करणार’ असे त्यांनी म्हटलेले नाही. बोलण्याला इष्टतेची कसोटी आहे आणि करण्याला साध्यतेची. माझ्या समजुतीप्रमाणे या विषयावरचे इतके नेमके वाक्य मराठीत दुसरे नाही, कारण मूल्यांनुसार जगू पाहणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी जे छळते त्याचे उत्तर त्यात आहे. आज सगळे करता येत नाही म्हणून बोलणेही बंद करावे, असे ते सांगत नाही. आणि बोलतो त्यातले सगळे आजच करून दाखवता येत नाही म्हणून स्वतःला ढोंगी ठरवावे, असेही नाही. स्वतः आगरकर देवाधर्माबाबत अज्ञेयवादी होते, पण पत्नी यशोदाबाईंच्या देवपूजेआड ते आले नाहीत. कोणाला यात विसंगती दिसेल. मला यात त्यांच्या व्यक्तिस्वातंत्र्याच्या मूल्याची घरातली खरी परीक्षा दिसते, आणि तीत ते उतरले आहेत.

इथे टिळकांचे नाव घेणे भाग आहे, कारण त्यामुळे एक मोठा गैरसमज दूर होतो. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींच्या संमतीची वयोमर्यादा दहावरून बारावर आणली. आगरकर त्या कायद्याच्या बाजूने होते; परक्या सरकारने कायद्याने आमच्या चालीरीतींत हात घालू नये असे म्हणणारे टिळक विरोधात होते. स्वतःच्या मतासाठी किंमत मोजण्यात दोघांपैकी कोणीही कमी नव्हते. म्हणजे दोघेही स्वतःशी प्रामाणिक होते, आणि तरी त्या प्रश्नावर दोघांचेही बरोबर असणे शक्य नव्हते. त्या कोवळ्या मुलींच्या बाजूने पाहिले तर मला आगरकरांचेच पटते. मूल्य आपले आहे याने ते योग्य आहे हे सिद्ध होत नाही. त्यासाठी कारणे द्यावी लागतात, ती लोकांसमोर मांडावी लागतात आणि खोडली जाण्याची तयारी ठेवावी लागते. ‘हे माझे मूल्य आहे’ म्हणून चर्चा संपवणारा माणूस आणि ‘आमच्याकडे असेच चालते’ म्हणून चर्चा संपवणारा माणूस, दोघेही उलटतपासणी टाळत असतात. टिळक आणि आगरकर यांचे संबंध अतिशय कटू झाले होते, तरी आगरकर गेल्यावर टिळकांनी केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

काही वेळा झगडा जन आणि मन यांच्यात नसतोच, तो मनातल्याच दोन मूल्यांत असतो. फ्रेंच तत्त्वज्ञ जाँ-पॉल सार्त्र यांनी १९४५ साली पॅरिसमधल्या एका व्याख्यानात आपल्या एका विद्यार्थ्याची हकिकत सांगितली. त्याचा भाऊ युद्धात मारला गेला होता, आई आता केवळ या मुलाच्या आधाराने जगत होती, आणि त्याला इंग्लंडला जाऊन जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच फौजेत भरती व्हायचे होते. सार्त्र यांचे उत्तर असे की तू स्वतंत्र आहेस, निवड कर. ते खरे आहे, पण मला ते अपुरे वाटते. आईवडील सातारा-सांगलीकडच्या गावी एकटे आणि स्वतःचे काम पुण्यात किंवा परदेशात, अशा पेचात अडकलेली किती तरी माणसे माझ्या आसपास आहेत, आणि त्यांना निवड एकदाच करून मोकळे होता येत नाही. ती दर सुट्टीला, दर फोनला पुन्हा करावी लागते.

दोन मूल्यांमध्ये वाट कशी काढता येते हे धोंडो केशव कर्वे यांच्याकडे पाहून थोडे कळते. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले, आणि कोकणातल्या मुरुड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावावर जीव होता त्याच गावात परके होण्याचे दुःख त्यांना झाले, तरी गावाविषयीचा जिव्हाळा त्यांनी सोडला नाही. पुढे विधवांच्या शिक्षणाची संस्था उभारताना त्यांच्या लक्षात आले की पुनर्विवाहाचा प्रचार आणि मुलींचे शिक्षण ही दोन्ही कामे एकत्र चालवली तर लोक आपल्या लेकी संस्थेत पाठवणार नाहीत, आणि त्यांनी शिक्षणावर सगळी शक्ती एकवटली. हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून ते फर्ग्युसनमध्ये शिकवायला पायी ये-जा करीत. स्वतःचा पुनर्विवाह त्यांनी कधी लपवला नाही. इष्ट ते ठाऊक होते, साध्य ते त्यांनी केले.

त्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांची वाट वेगळी होती. संततिनियमनाच्या प्रचाराला त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत सुरुवात केली. ते विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. नोकरी आणि प्रचार यांतले एक निवडायची वेळ आली तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १९२७ मध्ये समाजस्वास्थ्य हे मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, खटले आणि दंड सोसत, ते चालवले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला, पण अ‍ॅशच्या प्रयोगातला तो एक सोबती या माणसाला कोर्टात मिळाला होता असे मला नेहमी वाटते. दुसरी सोबत घरातच होती. पत्नी मालतीबाईंच्या संमतीने त्यांनी मूल होऊ न देण्याचे ठरवले आणि नसबंदीची शस्त्रक्रिया स्वतःवर करून घेतली. वडिलांइतके यश, मान आणि आयुष्य त्यांच्या वाट्याला आले नाही. बापलेकांपैकी अधिक प्रामाणिक कोण, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. एकाला संस्था टिकवायची होती, दुसऱ्याला सत्य आहे तसे बोलायचे होते.

रघुनाथरावांच्या त्या शस्त्रक्रियेपाशी मी बराच वेळ थांबले आहे. दुसऱ्यांना जे सांगायचे त्याची झळ त्यांनी आधी स्वतःच्या देहाला लावून घेतली, आणि ज्या एका व्यक्तीच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार होता तिला विचारून लावून घेतली. माझे हळदीकुंकवात काय चुकले ते मला इथे दिसले. विधवेला शुभकार्यातून बाजूला ठेवणे अन्यायाचे आहे हे माझे मत तेव्हाही बरोबर होते आणि आजही आहे. पण त्या संध्याकाळी मत माझे होते आणि नजरा काकूने झेलल्या. मी तिला विचारलेसुद्धा नव्हते.

पुढच्या वर्षी, संक्रांतीच्या बऱ्याच आधी, मी तिला विचारले. ती गव्हले करत बसली होती. हातातले काम न थांबवता ती म्हणाली, ‘‘मला बाहेर सगळ्यांत बसायला आवडेल गं. पण कुंकू नको. ते मला ह्यांच्याबरोबरच गेलंसं वाटतं.’’ मी दोन्ही गोष्टी एकच समजत होते. तिच्या मनात त्या स्पष्ट वेगळ्या होत्या, एक लोकांनी लादलेली आणि एक तिची स्वतःची, आणि बाहेरून पाहून मला त्यांतली रेघ ओळखता आली नसती.

मग मी माझ्या हातातले होते ते केले. हळदीकुंकू म्हणून जे होत असे ते आमच्या घरापुरते बंद केले आणि तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला, कुंकू कोणालाच न लावता. आमंत्रणे माझ्या नावाने केली, घरोघर मी स्वतः गेले, आणि काय बदलले आहे व का, ते दारातच सांगितले. कोणी ऐकून घेतले, कोणी माझ्या आईकडे तक्रार केली. ती बोलणी मी ऐकली आणि ती ऐकणे मला सोपे गेले नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ती बातमी वाचली तेव्हा मला सर्वांत आधी हे जाणवले, की तिथे कोणा एकीला खोलीच्या मधोमध एकटे उभे राहावे लागले नसेल. गावानेच मिळून तसे ठरवले होते.

आमच्या त्या पहिल्या तिळगुळाला नेहमीपेक्षा कमी बायका आल्या. वाण परत ठेवून गेलेल्या आजी आल्या नाहीत. काकूने सकाळपासून वड्या थापल्या, अत्तरदाणी घासली, आणि पहिली बाई जिन्यावर दिसली तेव्हा ती सवयीने स्वयंपाकघराकडे वळली. दारापर्यंत जाऊन ती परत आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. तिने निळ्या काठाची साडी नेसली होती, आणि येईल त्या प्रत्येकीच्या हातावर ती तिळगूळ ठेवत होती.